लाल अक्षरांतलं 'मिसिंग'

परवा दुपारी बचत गटाचा हिशेब मांडून बसले होते, तोच शेजारच्या वहिनी रडवेल्या होऊन आल्या. "ताई, पोरगं खोटं बोलतंय हो! मोबाइलवर दोन स्वाध्यायांपुढे लाल अक्षरांत 'मिसिंग' आणि तिसऱ्याचे मार्कच नाहीत. काल ह्यांनी हात उचलला त्याच्यावर."

नववीतला तो पोरगा दारातच उभा. "काकू, वही दाखवू? तिन्ही लिहिलेत मी."

वही पाहिली. खरंच लिहिलेले होते. फोटोही जोडलेले. मग घोडं अडलं कुठं? माझ्या लेकीनं गूगल क्लासरूम उघडून दाखवलं. नुसता फोटो जोडून भागत नाही, 'टर्न इन'चं बटण दाबावं लागतं. ते राहिलं की तारीख उलटताच 'मिसिंग'चा शिक्का! आणि बाईंनी मार्क भरले तरी 'रिटर्न' करेपर्यंत ते मुलाला दिसतच नाहीत. म्हणजे रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. (आपल्याला कोण सांगतं हो हे? शाळेच्या पालकसभेत तर फीबद्दलच बोलतात.)

बाईंनी स्वीकारणं बंद केलं नसेल तर काम उशिरानेही देता येतं. फक्त 'उशिरा' अशी नोंद पडते. पोरानं तिथंच दोन्ही पाठवले. तिसऱ्याबद्दल बाईंना दोन ओळी लिहिल्या. वहिनींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याचे वडील मात्र अजून काही बोललेले नाहीत.