कॉलेजचा फुटबॉल संघ : यादी, मार्गदर्शक आणि पैसा

आज आपण फुटबॉलवर बोलणार आहोत, पण गोलांवर नाही, हिशेबावर.

भंडारा जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ नाही. इथली कॉलेजं १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे साकोली, तुमसर किंवा पवनीच्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघात जायचं, तर वाट कॉलेजच्या संघातूनच जाते. तो संघ उभा राहतो तीन गोष्टींवर.

पहिली गोष्ट, खेळाडूंची यादी. मैदानात अकरा जण लागतात. सातपेक्षा कमी असतील, तर नियमानुसार सामना सुरूच होत नाही. यादीत तेरा-चौदा नावं असली, तरी एकाचा पाय मुरगळतो, दुसऱ्याच्या घरी धानाची कापणी निघते. शिवाय पदवी संपली की तयार झालेला खेळाडू निघून जातो. म्हणजे संघ दरवर्षी नव्यानं बांधावा लागतो.

दुसरी गोष्ट, मार्गदर्शक. लहान कॉलेजात बहुधा एकच क्रीडा संचालक असतो. कबड्डी, व्हॉलीबॉल, धावणं, फुटबॉल, सगळं त्याच्याच गळ्यात. त्याचा स्वतःचा खेळ फुटबॉल असेलच असं नाही. मग गोलकीपरला वेगळा सराव कोण देणार?

आता तिसरी गोष्ट, पैसा. आकडे समजण्यापुरते धरू. कॉलेजात १,२०० विद्यार्थी, प्रत्येकी ५० रुपये क्रीडा शुल्क, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये. खेळ दहा, तेव्हा फुटबॉलच्या वाट्याला ६,०००. साकोलीहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर. जाणं-येणं, जेवण, मुक्काम मिळून माणशी ६०० रुपये धरले, तर दहा जणांचं भागतं. एक मार्गदर्शक आणि नऊ खेळाडू! अकरासुद्धा नाहीत, आणि बूट-बॉल अजून घ्यायचेच आहेत. उरलेल्यांनी पदरचे पैसे घालायचे. ज्याला ते जमत नाही, त्याचं नाव गळतं. म्हणजे यादी खेळावरून ठरते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती पैशावरून ठरते.

मुलींचाही संघ काढायचा म्हटलं, तर तेच ६,००० निम्मे करा. पाच जणांचे पैसे, म्हणजे एक शिक्षिका आणि चार मुली. सामना सुरू व्हायला सात लागतात. मग सगळी रक्कम एकाच संघाला जाते. तो संघ कोणाचा, हे वेगळं सांगायला नको. आणि वर ऐकायला मिळतं, ‘मुलीच येत नाहीत.’

अमेरिकेत १९९४ साली एक कायदा झाला. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ उतरवणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला दरवर्षी सांगावं लागतं, की मुलांच्या आणि मुलींच्या संघांत खेळाडू किती, मार्गदर्शक किती, खर्च किती. त्यानं विषमता संपली नाही. पण ती कागदावर आली आणि प्रश्न विचारता येऊ लागले.

आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. कॉलेजच्या सूचनाफलकावर एक पान पुरे. किती शुल्क जमलं, कोणत्या खेळावर गेलं, किती मुलं खेळली, किती मुली खेळल्या, शिकवलं कोणी. शुल्क आपणच भरतो, तेव्हा ते पान मागायला संकोच कशाला?