टाळेबंदीत घरात आलेला वाघ

मार्च २०२०. शाळांना कुलूप, बाहेर पडायची बंदी, आणि घरोघरी पोरं कंटाळलेली. त्या दिवसांत एक खेळ जगभर पसरला: मोबाइलवर गुगलमध्ये ‘टायगर’ शोधायचं, थ्रीडीचं बटण दाबायचं, की बैठकीत वाघ हजर!

ही ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे पडद्यावर खऱ्या जागेत आभासी वस्तू दाखवणारं तंत्र. कॅमेरा फरशी ओळखतो, फोनमधले सेन्सर हालचाल टिपतात, म्हणून आपण भोवती फिरलो तरी वाघ जागचा हलत नाही. शेपटी मात्र हलते, गुरगुरही ऐकू येते. जूनअखेर डायनासोरही आले.

जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या जंगलात खरे वाघ आहेत, पण ते दिसतात किती जणांना? पलंगाशेजारचा वाघ मात्र आजीलाही दिसला.

हा खेळ म्हणजे भीतीवरचा उपचार नव्हे, विरंगुळाच. पण फार मोलाचा. उपचाराची वाट वेगळी: स्पेनमध्ये मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना बोतेया यांनी झुरळांच्या भीतीवर हेच तंत्र त्याआधी कितीतरी वर्षं वापरून पाहिलं होतं.