‘पाणी लागणे’ : एका वाक्प्रचाराचे दोन अर्थ

मराठीत ‘पाणी लागणे’ हा वाक्प्रचार दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. विहीर खणताना झरा हाती आला म्हणजे विहिरीला पाणी लागले असे म्हणतात. परगावच्या पाण्याने प्रकृती बिघडली म्हणजे त्या माणसाला तेथील पाणी लागले असे म्हणतात. पहिला अर्थ लाभाचा, दुसरा बाधेचा. एरवी निरनिराळ्या प्रसंगी येणारे हे अर्थ महाराष्ट्रातील भूजलाच्या आजच्या अवस्थेत काही ठिकाणी एकत्र आले आहेत.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसॉल्ट या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. एकसंध बेसॉल्टात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. आड व विहीर यांची खोली पूर्वी परसांत मोजीत, आणि ‘परस’ हे मुळात पुरुषाच्या उंचीवरून आलेले माप होय. देहाने मोजता येणारे हे पाणी बहुधा अलीकडच्या पावसाळ्यांचे असे. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार झाला आणि खोली शेकडो फुटांवर गेली. पावसाने होणाऱ्या भरणापेक्षा उपसा अधिक झाला, की उथळ विहीर आधी आटते आणि गाव अधिक खोल पाण्याकडे वळते.

खोल पाण्याचा खडकाशी सहवास दीर्घकाळचा असतो. खडकातील खनिजांत फ्लोराइड असल्यास ते पाण्यात उतरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत असे पाणी आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ग्राह्य असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. उथळ विहिरीही निर्धोक राहिलेल्या नाहीत. खते, उकिरडे व सांडपाणी यांतून त्यांत नायट्रेट झिरपते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. आधिक्य झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते.

गोडे, खारे, मचूळ, गढूळ, निवळ, जड, हलके ही पाण्याची मराठी विशेषणे पाहता असे दिसते, की पाण्याची परीक्षा जीभ, डोळा आणि पोट यांवर सोपविलेली होती. क्षार व गाळ ओळखण्यास ती पुरेशी होती. परंतु बाधक प्रमाणातील फ्लोराइड वा नायट्रेट यांना रंग, वास वा चव नसते. निवळीचे बी उगाळून घातल्याने गाळ खाली बसतो, ही द्रव्ये बसत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात. पाणी आटल्यामुळे या द्रव्यांचे प्रमाण मात्र उलट वाढते. म्हणजे ‘गोडे’ हे विशेषण पाणी खारे नाही एवढेच सांगते. ते निर्दोष आहे असे सांगत नाही.

बांगलादेशात नलिकाविहिरींतील आर्सेनिक असेच इंद्रियांना अगोचर ठरले. तेथे दूषित नळ तांबड्या आणि सुरक्षित नळ हिरव्या रंगाने रंगविण्यात आले. जिभेला न कळणारी गोष्ट अशा रीतीने डोळ्यांना दिसू लागली. महाराष्ट्रातही प्रयोगशाळेतील आकडा अहवालातच राहिला, तर पाणी भरणाऱ्या व्यक्तीला त्याचा उपयोग नाही. तो पाणवठ्यावर, तिला कळेल अशा मराठीत आणि परीक्षणाच्या तारखेसह लिहिलेला असणे अगत्याचे आहे. विहिरीला लागलेले पाणी माणसाला लागेल की नाही, हे आता त्या आकड्यावाचून समजणार नाही.