अपुरी मात्रा आणि माशीची पुढची पिढी

बंगळुरूच्या पूर्वेकडील मंडूर हे गाव २०१४ पर्यंत महानगराचा कचरा पोटात घेत होते. दुर्गंधी, दूषित पाणी आणि माश्या यांविरुद्ध ग्रामस्थांनी केलेल्या आंदोलनानंतर त्या वर्षाच्या अखेरीस तेथे कचरा टाकणे थांबले. अशा कचराभूमीवर माश्यांची तक्रार आली, की प्रशासनाला चटकन सुचणारा उपाय म्हणजे कीटकनाशकाची फवारणी. तिचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. फवारणीतून वाचलेल्या माश्यांचा हिशेब मात्र कोठेच मांडला जात नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे, कीटकशास्त्र नव्हे. परंतु या न मांडलेल्या हिशेबामुळेच घरमाशी अर्थशास्त्राच्या कक्षेत येते.

घरमाशीची मादी एका वेळी सुमारे १०० ते १५० अंडी घालते. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. अळ्या ओल्या कचऱ्याच्या आतल्या थरांत वाढतात, तर फवारा वरच्या थरावर पडतो आणि ऊन-पावसाने क्षीण होत जातो. परिणामी अनेक कीटकांपर्यंत मारक मात्रा पोहोचतच नाही.

अशा अपुऱ्या मात्रेचे परिणाम एकाच दिशेचे नसतात. काही कीटकनाशकांमुळे वाचलेल्या माश्यांचे आयुष्य घटते, त्या अंडी कमी घालतात आणि त्यांतील कमी अंडी उबतात. पायरीप्रॉक्सिफेन हे रसायन तर मादीच्या शरीरातून अंड्यापर्यंत पोहोचून आतील गर्भाची वाढ रोखू शकते. उलटपक्षी, अत्यल्प मात्रेने प्रजनन वाढल्याचेही काही कीटकांत आढळले आहे. यास ‘हॉर्मेसिस’ म्हणतात.

येथे एक भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. मातेला झालेल्या विषबाधेचा संततीवर होणारा परिणाम वेगळा आणि जनुकांतून येणारा प्रतिरोध वेगळा. मूळच्या समूहात तुरळक असलेल्या प्रतिरोधक माश्या फवारणीत टिकतात आणि पुढील पिढ्यांत त्यांचेच प्रमाण वाढत जाते. डीडीटीच्या कीटकनाशक गुणांच्या शोधासाठी पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यापूर्वीच युरोपातील घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या.

कीटकांची औषधाला बळी पडण्याची प्रवृत्ती ही गायरानासारखी सामाईक संपत्ती आहे. एखादा कुक्कुटपालक द्रावण पातळ करून पैसे वाचवतो, तेव्हा बचत त्याची असते. प्रतिरोधाची झळ मात्र शेजारच्या गोठ्यापासून रुग्णालयापर्यंत सर्वांना बसते. अर्थशास्त्रात यास ‘बाह्य खर्च’ म्हणतात. लेबलावरील मात्रा कायद्याने ठरवता येते. ढिगाच्या आत पोहोचणारी मात्रा नाही.

म्हणूनच फवारणीपेक्षा माशीच्या जीवनचक्राचा कालावधी महत्त्वाचा ठरतो. बंगळुरूत कचऱ्याचे घरोघरी वर्गीकरण २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सक्तीचे झाले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ते देशभर लागू केले. ओला कचरा वेगळा करून रोज उचलला आणि नीट तापलेल्या खतढिगात वा बायोगॅस संयंत्रात गेला, तर अळीला कोषावस्थेपर्यंत पोहोचण्याइतका अवधीच मिळत नाही.