तिजोरीची किल्ली (भाग ११) : स्वल्पविरामही न बदलता

आज उत्तराखंड संपवायचं ठरलं होतं. २०१६ च्या मार्चमधला तो आवाजी मतदानाचा घोळ, ते नऊ फुटीर आमदार आणि राष्ट्रपतींचा वटहुकूम. तो विषय पुढं ढकलतोय, आणि याला जबाबदार तिसऱ्या रेल्वे गेटजवळची चहाची टपरी आहे. परवा तिथं एका लेथवाल्यानं अडवलं. अमेरिकेत पैशांची मंजुरी अडून सरकारी कचेऱ्यांना लागलेलं कुलूप आणि ते उघडायला डेमोक्रॅटिक गोटातून फुटलेले आठ सिनेटर, हा भाग त्यानं वाचला होता. म्हणाला, "ते आठ जण फुटले ते बरोबर की चूक, राहू दे. आपल्याकडं सरकारला असं कुलूप का लागत नाही, ते आधी सांगा. बेंगळूरला भांडणं काय कमी हायत?"

प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतलाच होता, म्हणून उत्तरही इथलंच देतो. कास्टिंगच्या कारखान्यात मालक आणि कामगारांचं कितीही बिनसलेलं असो, भट्टीतलं वितळलेलं लोखंड आधी ओतून घेतात. ते आत थिजलं तर भट्टीच जाते, मग संप जिंकून काय करायचं? अमेरिकेत भट्टी थिजू देतात, कारण तिथं अध्यक्षाची मुदत ठरलेली असते. पैसे मंजूर झाले नाहीत तरी त्याची खुर्ची हलत नाही. त्यातून १९८० साली तिथले महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की मंजुरी नसेल तर बहुतेक कचेऱ्यांनी काम थांबवावं. तोवर मंजुरी लांबली तरी कारभार चालूच असायचा. २०२५ च्या १ ऑक्टोबरला लागलेलं कुलूप ४३ दिवसांनी निघालं.

आपल्याकडं खर्चाच्या मागणीवर सरकार हरलं की सरकारच जातं. विरोधकांच्या हातात 'धोरण कपात' नावाची एक गमतीदार सूचना असते : मागणी कितीही कोटींची असो, ती एक रुपयावर आणा. तो एक रुपया मंजूर झाला तर मंत्रिमंडळानं सामान बांधावं. म्हणजे पैशाचं मत हे आपल्याकडं विश्वासाचंच मत. त्यामुळं तिजोरी अडवून सरकारकडून काही कबूल करून घेण्याचा मधला रस्ताच नाही.

पण सरकार पडलं आणि खर्चाची मुदतही संपत आली, असं दोन्ही एकदम झालं तर? ते आपल्याच कर्नाटकात, २०१९ च्या जुलैत झालं. मला राहवत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

काँग्रेस-जनता दल आघाडीचे मुख्यमंत्री कुमारस्वामी यांनी ८ फेब्रुवारीला २,३४,१५३ कोटींचा अर्थसंकल्प मांडला. लोकसभेची निवडणूक तोंडावर, म्हणून तेव्हा चार महिन्यांचं लेखानुदान घेतलं. घटनेचं २०६ वं कलम तशी मुभा देतं. मुदत ३१ जुलै. मधल्या काळात आघाडीचे फुटीर आमदार मुंबईला. त्यांत आपल्या जिल्ह्याचे तिघे : गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील. २३ जुलैला कुमारस्वामींचा विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ असा पडला. २६ ला भाजपच्या येडियुराप्पांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आता ३१ तारखेला पाच दिवस उरले, आणि १ ऑगस्टपासून एक रुपयाही काढायची परवानगी नाही.

येडियुराप्पा काय करणार, याची मला तेव्हा खरी उत्सुकता होती. ज्या सरकारला बहुमतच नाही असं त्यांचा पक्ष फेब्रुवारीत ओरडून सांगत होता, त्याच सरकारचं वित्त विधेयक त्यांच्या टेबलावर पडलेलं. त्यांनी जाहीर केलं की त्यातला स्वल्पविराम किंवा पूर्णविरामही न बदलता ते मांडणार. ऐकायला हे मोठ्या मनाचं वाटतं. माझ्या मते हा डाव होता, आणि फार सुरेख डाव होता. एक शब्द बदलला असता तर विरोधकांना चर्चा मागायला जागा मिळाली असती. काहीच न बदलल्यावर काँग्रेस आणि जनता दल विरोध कशाला करणार, स्वतःच्याच कागदाला?

२९ तारखेला सगळं एका दिवसात उरकलं. विश्वासदर्शक ठराव आवाजी मतानं मंजूर, विरोधकांनी मतविभागणीही मागितली नाही. पाठोपाठ पैशांची मंजुरी, चर्चेविना. ती झाल्यावर सभापती रमेशकुमार यांनी राजीनामा दिला. आधीच्या चार दिवसांत त्यांनी १७ फुटीर आमदारांना अपात्र ठरवलं होतं, त्यामुळं बहुमताचा आकडाच खाली आला आणि येडियुराप्पांचं काम सोपं झालं. ज्यांना धडा शिकवायचा त्यांच्याच नव्या नेत्याची वाट त्यातून मोकळी झाली. पण नियम वाकवून त्यांना ठेवून घेणं हे त्याहून वाईट झालं असतं, एवढं मी सभापतींच्या बाजूनं म्हणेन.

दिल्लीतही हे घडून गेलंय. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी एका मतानं हरले, आणि लोकसभा बरखास्त होण्याआधी तिनं अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर करून टाकला. विरोधी पक्षनेते तेव्हा शरद पवार होते. पाच दिवसांपूर्वी सरकार पाडणाऱ्यांनीच त्याचा जमाखर्च पास केला. याला तत्त्वशून्यता म्हणणारे मला भेटलेत. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्यांचं भांडण सरकारशी होतं, पोस्टमनच्या पगाराशी नव्हतं. खटकतं ते 'चर्चेविना' हे. दोन्ही वेळा भट्टी वाचली, पण ओतलेल्या मालाला कुणी गेज लावून पाहिलंच नाही. लेथवाल्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग रिजेक्शन कुणाच्या खात्यात?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. चहाचे पैसे मी दिले.

अमेरिकेतल्या त्या आठ जणांकडं यावरून वळता येतं. १० नोव्हेंबरला सिनेटमध्ये ६० विरुद्ध ४० झालं, आणि आरोग्य विम्याच्या अनुदानावर पुढं मतदान घेऊ एवढ्या शब्दावर त्यांनी मत दिलं. त्यांच्याच गोटानं त्यांना शिव्या घातल्या. पण त्यांनी सभागृहात, नाव पुकारल्यावर, होय म्हटलं. आपले तिघे २३ ला सभागृहात नव्हते आणि २९ ला आमदारच नव्हते. तत्त्वासाठी म्हणा, डावासाठी म्हणा, मत देण्याची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

आणि मग ऑगस्ट उजाडला. पहिल्याच आठवड्यात कृष्णा चढली, घटप्रभा गोकाकमध्ये शिरली, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं आणि आमच्या मालाचे ट्रक उभे राहिले. बेंगळूरला मंत्रिमंडळ म्हणजे एकटे येडियुराप्पा, बाकीच्यांचा शपथविधी २० तारखेला. गोकाक, अथणी, कागवाड या तिन्ही मतदारसंघांना महापुरात आमदार नव्हता. खर्चाला मंजुरी मात्र होती, ती २९ जुलैची.

डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही निवडून आले. २०२३ ला कुमठळ्ळी आणि पाटील पडले, जारकीहोळी टिकले. कागवाडला पाटलांना पाडणारे राजू कागे आधी भाजपचे, आता काँग्रेसचे. ही वेगळीच गोष्ट आहे आणि तिला एक अख्खा भाग लागेल. उत्तराखंडच्या आधी की नंतर, ते अजून ठरलेलं नाही.