ककणेर आहेत, पण महाधनेश?

कोकणात वडा-उंबरांना फळं धरली, की काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांची टोळी कलकलाट करत उतरते. ‘ककणेर आले,’ एवढीच नोंद गाव घेतं. हा मलबारी कवड्या धनेश. लांबी जेमतेम दोन फूट, वजन किलोभर. माडा-पोफळींच्या वाडीवरून, गावालगतच्या राईतून तो बिनधास्त फिरतो.

त्याच्याच कुळातला महाधनेश तीन-साडेतीन फुटांचा आणि वजनाला तिप्पट. तो दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांच्या मोठ्या पिसांची मुळं खालून उघडी असतात. त्या फटींतून हवा सुटते आणि झाडांवरून घरघर जाते. त्याच्या मानेवरचा पिवळा रंगही उसना आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल तो चोचीनं पिसांना माखतो.

दोघांचीही जीभ आखूड. त्यामुळे फळ चोचीच्या टोकात धरायचं, वर उडवायचं आणि घशात झेलायचं. ककणेर काजऱ्याच्या फळातला गरही खातो, आणि काजऱ्याची बी किती विषारी ते कोकणात सांगायला नको! महाधनेशाचा घसा मोठा, म्हणून त्याला रानजायफळ, धूप यांच्या थोराड बियाही गिळता येतात. दूरवर जाऊन तो त्या अख्ख्या ओकतो. असं बियाणं वाहून नेणारे पक्षी जंगलात थोडेच असतात. ककणेर भरपूर दिसतात म्हणून महाधनेशाची उणीव भरून निघत नाही, असं मला वाटतं ते यामुळेच.

विणीला दोघांनाही ढोली लागते. मादी आत शिरून विष्ठेनं तोंड लिंपते, चोचीपुरती फट ठेवते. महाधनेशाची मादी पिल्लू जरा मोठं झालं की हे लिंपण फोडून बाहेर पडते आणि आतलं पिल्लू स्वतःच तोंड पुन्हा लिंपून घेतं! पण एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली जुन्या, जाडजूड झाडातच मिळणार. कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं. तिथला पोकळ बेहडा तोडणाऱ्याच्या लेखी निव्वळ जळाऊ लाकूड असतो.

कुऱ्हाड घालण्याआधी बुंध्याशी वाकून पाहावं. आसपास नसलेल्या झाडांच्या बियांचा सडा पडला असेल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर वर ढोलीत बहुधा मादी कोंडून बसलेली असते.