बीटाच्या मुलखातला पितिव्हिए प्रांत



लागण, खोडवा, हुमणी, खताच्या मात्रा हे या पानावर नेहमीचेच आहे. या खेपेला जरा लांबच्या शिवारात जाऊ. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर ऊस होत नाही, तिथली साखर बीटाची. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर पितिव्हिए हे गाव आहे. वस्ती नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. या गावाच्या नावाचा एक सरकारी विभाग आहे. तो दोनदा मोडला आणि दोनदा परत उभा राहिला.

आधी तिथली उतरंड सांगतो. जिल्ह्याला देपार्तमां म्हणतात. हा ल्वारे जिल्हा, मुख्य ठिकाण ऑर्लेआं. जिल्ह्याखाली आरोंदिस्मां, म्हणजे आपला प्रांत समजा. त्यावर उपप्रीफेक्ट हा साहेब, सरकारने नेमलेला, निवडणूक नाही. या प्रांताला स्वतःचा करही नाही आणि अंदाजपत्रकही नाही. त्याखालचा कांतों आता नुसता मतदारसंघ उरला आहे. पितिव्हिए प्रांतात पूर्वी असे पाच कांतों होते. २०१५ साली साऱ्या देशात कांतों निम्म्यावर आणले, त्यात इथलेही गेले.

सर्वांत खाली कम्युन, म्हणजे ग्रामपंचायत. खरा जीव तिथे आहे. या एका प्रांतात सुमारे ऐंशी कम्युन आहेत. काहींची वस्ती दोन-तीनशेच, तरी प्रत्येकाला आपला मेयर आणि आपली कचेरी. मेयर गावाने निवडलेला, पण जन्म-मृत्यूची नोंद आणि लग्न लावणे ही कामे तो सरकारच्या वतीने करतो. सरपंच आणि ग्रामसेवक एकाच खुर्चीत बसवावेत, तसा प्रकार. १९८२ च्या कायद्यापर्यंत गावच्या ठरावांवर वरच्या साहेबाची आगाऊ नजर असे. आता ठराव आधी लागू होतो आणि बेकायदेशीर वाटला तर सरकारला कोर्टात जावे लागते. हा फरक लहान नव्हे, बरं का.

आता इतिहास. राज्यक्रांतीनंतर १७९० साली जिल्हे पाडले. माणूस घोड्यावरून एका दिवसात जिल्ह्याच्या गावी पोहोचावा, असा हिशेब होता. ल्वारेचे तेव्हा सात भाग केले, त्यात पितिव्हिए एक आणि शेजारचे ब्वाकोमं हे छोटे गाव दुसरे. पाच वर्षांत हे सगळे भाग मोडले. १८०० साली नेपोलियनने प्रीफेक्ट-उपप्रीफेक्टची नवी घडी बसवली, तेव्हा पितिव्हिएला कचेरी परत मिळाली. ब्वाकोमंला कधीच मिळाली नाही.

सव्वाशे वर्षे ठीक चालले. १९२६ साली देशाचे चलन ढासळले आणि प्वांकारे सरकारने काटकसर म्हणून १०६ उपप्रीफेक्ट कचेऱ्या बंद केल्या. ल्वारेतून पितिव्हिए आणि ज्यां ही दोन्ही गेली. सही-शिक्क्यासाठी लोकांना ४० किलोमीटरवर ऑर्लेआं गाठणे आले. वाचले सरकारचे, खर्च झाला शेतकऱ्याचा! पितिव्हिएची कचेरी १९४२ साली परत आली. ज्यांची आजतागायत नाही.

पण ते १९४२ साल आनंदाचे नव्हते. देश जर्मनांच्या ताब्यात होता. १९४१ च्या मे महिन्यापासून पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद, या प्रांतातल्याच दोन गावांत, ज्यू लोकांच्या छावण्या होत्या. १९४२ च्या जुलैत पॅरिसची मोठी धरपकड झाली आणि आया-लेकरेही इथे आणली. पितिव्हिएच्या स्टेशनातून सहा आगगाड्या औशवित्झला गेल्या. यादी करणारे आणि पहारा देणारे बहुतेक फ्रेंच सरकारी नोकरच होते. आता २०२२ पासून त्या स्टेशनात स्मारक आहे. कचेरीचा शिक्का कोणाच्या हाती, याची आठवण तिथे राहिली आहे.

शेतीकडे वळू. पश्चिमेला बोसचे सपाट धान्याचे रान, पूर्वेला गातिने. गातिनेत पूर्वी केशर पिके, बुआन गाव त्याचे मोठे ठिकाण. केशराचे कंद मरू लागले तेव्हा पितिव्हिएजवळच वाडा असलेल्या द्युआमेल द्यु मोंसो या अभ्यासकाने १७२८ साली दाखवून दिले, की हा जमिनीतल्या बुरशीचा रोग आहे. आमच्या खात्यातल्या माणसाला हे वाचून बरे वाटते! पुढे १८७९-८० च्या कडाक्याच्या थंडीने केशराचे कंबरडे मोडले.

बीटासाठी १८९२ साली पितिव्हिए ते तूरी अशी ६० सेंटीमीटर रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. तूरीचा कारखाना शेजारच्या जिल्ह्यात होता. म्हणजे प्रांताची हद्द एकीकडे आणि कारखान्याचे कार्यक्षेत्र दुसरीकडे. हे आपल्याला नवीन नाही. शेतापर्यंत रूळ टाकून बीटाचे डबे कारखान्यात नेत. १९६४ अखेर ती बंद पडली. तिचा थोडा तुकडा हौशी मंडळींनी संग्रहालय म्हणून चालू ठेवला आहे.

२०१७ साली युरोपातला साखरेचा कोटा उठला, भाव कोसळले. क्रिस्ताल युनियन या शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेने २०२० साली तूरीचा कारखाना बंद केला. सभासदांचाच कारखाना आणि सभासदांच्याच संस्थेने कुलूप लावले, हे वाचताना मी थबकलो. पितिव्हिएजवळचा कारखाना त्याच संस्थेचा, तो राहिला. तूरीकडचे बीट आता जिल्ह्याची हद्द ओलांडून उलट दिशेने इकडे येते, रुळांवरून नव्हे तर ट्रकमधून.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुट्टी.